टोमणा असा मारा, की त्याला उत्तर देता येईल : शक्ती-तुऱ्याच्या शाहिरांना खुले पत्र

कोकणातील समस्त शक्ती-तुरा मंडळे, त्यांचे शाहीर, वस्ताद, आणि गावोगावी व मुंबईत सामने भरवणारे आयोजक यांस,

सादर नमस्कार.

मी शाहीर नाही आणि कोणत्याही मंडळाचा सभासदही नाही. गणपतीत, शिमग्यात, गावच्या पूजेला आणि पुढे नोकरीनिमित्त मुंबईत आल्यावर तिथल्या नाट्यगृहांत, शिवाची आणि शक्तीची बाजू घेऊन दोन मंडळांचे शाहीर कवनांतून सवाल-जवाब करतात ते सामने जागून ऐकणारा मी एक श्रोता आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या सामन्यांतला टोमणा बिघडत चालला आहे, आणि टोमणा बिघडला की सामना उभाच राहत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कोणा एका मंडळाला उद्देशून ते लिहिलेले नाही. ज्यांनी ही कला आजवर पदरमोड करून, दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करून टिकवली, त्या सर्वांपुढे ते ठेवतो आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. टोमणे अजिबात बंद करावेत, दोन्ही बाजूंनी गण-गवळण आणि भक्तिपदे म्हणून सामना शांतपणे संपवावा, असे सुचवणारी काही मंडळी आहेत. त्यांचा हेतू चांगला असला तरी मला त्यांचे म्हणणे मान्य नाही. समोरच्या शाहिराला डिवचणे, त्याच्या कवनातले वैगुण्य चारचौघांत उघडे पाडणे, त्याने मांडलेला मुद्दा त्याच्याच गळ्यात घालणे हा या कलेचा प्राण आहे. टोमणा काढून टाकला, तर एका रंगमंचावर दोन मंडळांनी आळीपाळीने नाचून जाण्यापलीकडे तिथे काही उरणार नाही. माझे मागणे याच्या अगदी उलट आहे : टोमणा अधिक धारदार करा, अधिक कसून बांधा, आणि त्यासाठी त्याला पूर्वी जी बंधने होती ती पुन्हा पाळा.

आपल्या परंपरेचे मूळ आपण सगळे जाणता. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांच्या अध्यात्मावरच्या सवाल-जवाबावर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी आख्यायिका माळव्यात आणि राजस्थानात आजही सांगितली जाते. आख्यायिका खरी की खोटी हे पाहण्याचे इथे कारण नाही; पण ती रचणाऱ्यांनी भांडणाऱ्या दोघांनाही मानकरी ठरवले, कोणा एकाला हरवून पिटाळून लावले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या वादाच्या शाखा दूरवर पसरल्या. उत्तर कर्नाटकात हरदेशी-नागेशीच्या रूपाने पुरुष श्रेष्ठ की प्रकृती श्रेष्ठ हाच वाद गायला जातो. देशावर कलगी-तुऱ्याच्या फडांनी भेदिक, म्हणजे अध्यात्मातले कूट सवाल घालणाऱ्या, कवनांची मोठी परंपरा उभी केली आणि आपल्याकडे तोच वाद जाखडी नाचाच्या फेरात, पायांतल्या चाळांच्या ठेक्यावर येऊन शक्ती-तुरा झाला. म्हणजे आपल्या भांडणाला एक विषय आहे. तुरेवाल्याने शिवाची बाजू घ्यायची आणि शक्तीवाल्याने, म्हणजे मूळच्या कलगीवाल्याने, आदिमायेची. मग एकमेकांचा जो काही पाणउतारा करायचा, तो त्या बाजूचा वकील या नात्याने करायचा.

हा पाणउतारा कसा असतो, हे नमुन्यावाचून सांगता येणार नाही. कोणा शाहिराच्या वहीतली कवने परवानगीशिवाय छापणे बरे नव्हे, म्हणून जुन्या सामन्यांच्या धर्तीवर मी स्वतः जुळवलेल्या ओळी इथे देतो. ‘शिव’ या अक्षरांतली वेलांटी म्हणजे शक्ती, ती निघाली की उरते ते शव, ही कल्पना फार जुनी आहे आणि शक्तीवाल्यांचे ते ठेवणीतले शस्त्र आहे. शक्तीवाला उभा राहून शक्तीच्याच तोंडून म्हणतो :

काना-मात्रा सोड रे शाहिरा, एक वेलांटी काढून घेते,
शिव म्हणुनी जो मिरवितोस तू, त्याचे मागे शवच राहते.

श्रोत्यांना वाटते की झाले, आता तुरेवाल्याला बोलायला जागा उरली नाही. तुरेवाला मात्र वेलांटी नाकारत नाही, उलट तिचे कौतुक करतो :

वेलांटी तुझी झोकदार खरी, पण अक्षराविण बसेल कुठं?
पाटीवर नुसती काढून दाव, मास्तर म्हणतील, ‘पोरा, हे खोटं!’

आता शक्तीवाल्याची खरी परीक्षा असते, कारण त्याचेच शस्त्र त्याच्यावर उलटले आहे. त्याने इथे चिडून तुरेवाल्याच्या गावावर किंवा घरावर घसरायचे ठरवले, तर तो हरला असेच जाणकार श्रोता समजतो. पण तो पाटी सोडत नाही, मास्तर सोडत नाही आणि समोरच्याची वाक्यरचनाही सोडत नाही :

अक्षर तुझे ठसठशीत खरे, पण हात धरुनी गिरविले कोणी?
मांडीवर घेऊन शिकवी जी तुजला, तीच शक्ती रे, तुझी जननी.

या तीन फेऱ्यांत काय काय घडले ते पाहा. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाने आधी समोरच्याला अर्धी गोष्ट कबूल करून दिली आणि मग उरलेल्या अर्ध्यात त्याला पकडले. ‘झोकदार खरी’ म्हणून तुरेवाल्याने शालजोडीतला हाणला, तर शक्तीवाल्याने ‘ठसठशीत खरे’ म्हणून तो त्याच घडीत परत केला. उत्तरातली एकही ओळ घरून पाठ करून आणता येत नाही. विषय आधी ठाऊक असतो, शिव-शवाची कल्पना ठाऊक असते, पण पाटी आणि मास्तर समोरून आल्यावर मांडीवर घेऊन गिरवून घेणारी आई सुचणे, हे तिथे उभे राहून, ढोलकी वाजत असताना, कान समोर ठेवूनच होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की प्रत्येक टोमण्यात पुढच्या उत्तराला जागा ठेवलेली आहे. मर्मी लागणारा टोमणा समोरच्याला गप्प करत नाही. त्याला त्याच्या ताकदीच्या वर चढून गायला लावतो. मागच्या पिढीतल्या शाहिरांचे सामने आजही लोक आठवणीने सांगतात, त्यात अमक्याने तमक्याची कशी जिरवली याबरोबरच तमक्याने त्याला काय उत्तर दिले, हे तितक्याच आनंदाने सांगतात.

ही रीत केवळ फडाची आहे असेही नाही. स्तुतीच्या आडून निंदा करण्याला आपल्या काव्यशास्त्राने व्याजस्तुती हे नाव दिले आणि तिला अलंकारांत बसवले. नामदेवांनी तर प्रत्यक्ष विठ्ठलाला ‘घेसी तेव्हा देसी ऐसा अससी उदार’ असे सुनावले. देवाला औदार्याचे बिरूद लावायचे, आणि त्याच ओळीत तो घेतल्याशिवाय काही देत नाही हेही सांगून टाकायचे! पुढे पतितपावन हे नाव तुला ठेवले तरी कोणी, असेही ते विचारतात. ज्याच्यावर अपार प्रेम आहे त्यालाच इतके लागेल असे बोलता येते. नामदेवांनी विठ्ठलाला काळा म्हणून किंवा कंबरेवर हात ठेवून नुसता उभा म्हणून हिणवले असते, तर तो अभंग सातशे वर्षे कोणी म्हटला नसता. त्यांनी देवाचा दावा धरला, त्याचे ब्रीद धरले, आणि त्याचाच हिशेब मागितला. शक्ती-तुऱ्यातल्या टोमण्याचे मर्म मला या ओळीत सापडते. समोरचा शाहीर जे बिरूद मिरवतो, जो दावा गातो, ज्या गुरुघराण्याच्या जोरावर उभा राहतो, ते त्याने स्वतः सभेत मांडलेले असते आणि म्हणून ते सभेत तपासता येते. त्याचा रंग, त्याची उंची, त्याचे व्यंग, त्याची जात, त्याची गरिबी, त्याच्या घरातल्या बायका यांतले काहीच त्याने सभेत मांडलेले नसते. त्यावर कोणी बोलले तर त्याच्याजवळ कवनातून द्यायला उत्तरच नसते, आणि जिथे उत्तर नाही तिथे सामना कसला?

अलीकडच्या एका सामन्यात मी हे डोळ्यांनी पाहिले. मंडळांची आणि गावाची नावे मी देणार नाही. पहिल्या दोन बाऱ्या, म्हणजे मंडळांच्या गाण्याच्या पाळ्या, रंगल्या होत्या, पुराणातल्या एका प्रश्नावरून चांगली खडाजंगी चालली होती आणि एका बाजूचे उत्तर खरोखर कच्चे पडले होते. ते कच्चे उत्तर धरून त्याला आणखी दोन फेऱ्या खेळवता आले असते. पण समोरच्या शाहिराने ते सोडून दिले आणि एका लोकप्रिय सिनेगीताच्या चालीवर, आधीच बसवून आणलेले एक पद सुरू केले. त्यात प्रतिस्पर्ध्याच्या घरी झालेल्या एका दुःखद प्रसंगाचा उल्लेख होता. पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, दोन-चार बक्षिसेही पुकारली गेली. ज्याच्यावर ते पद होते तो शाहीर आपली बारी आल्यावर उभा राहिला, त्याने माईक हातात घेतला, एक गवळण म्हटली आणि खाली बसला. त्यानंतर पहाटेपर्यंत कार्यक्रम चालला, पण सामना तिथेच संपला होता. माझ्या शेजारी बसलेले वयस्कर गृहस्थ, ज्यांनी तरुणपणी स्वतः फेर धरला होता, ते उठून बाहेर निघून गेले. जिंकला असे ज्याला वाटले, त्या शाहिराच्या पुराणातल्या प्रश्नाचे खरे उत्तर काय होते, ते त्या रात्री कोणालाच कळले नाही.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकवले जाते, की शिव्यागाळी ही आपल्या मातीतलीच गोष्ट आहे, शिमग्याला बोंब मारतातच, मग शाहिराने काय सोवळ्यात राहावे? सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत, तिथे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, वाद्यांच्या गजरात, हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण तिथे एक काठ दुसऱ्या काठाला शिव्या देतो. कोणा एकीचे घर, तिचे नाव, तिचे दुःख नेमके धरून कोणी बोलत नाही, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी ओरडत असतात. शिमग्याच्या बोंबेचेही तसेच आहे. ते वर्षातून एकदा मन मोकळे करणे आहे. त्यात चातुर्याची अपेक्षा नसते आणि हारजीत नसते. शाहीर मात्र एकटा, नावानिशी, दिव्याखाली उभा असतो. त्याच्यासमोर एकच माणूस असतो, आणि शेकडो लोक गप्प बसून प्रत्येक शब्द ऐकत असतात. लाखोली आणि टोमणा या दोन वेगळ्या रीती आहेत. एकीची मुभा दुसरीला लावता येत नाही.

स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. आता स्त्री शाहीरही या मंचावर उभ्या राहतात आणि त्यांच्यातल्या काहींचा आवाज, पाठांतर आणि हजरजबाबीपणा कोणाही पुरुष शाहिराच्या तोडीचा आहे. अशा सामन्यांत पुष्कळदा समोरच्या बाजूचे टोमणे वेलांटीवर, मायेवर किंवा प्रकृतीवर न राहता समोर उभ्या असलेल्या बाईच्या शरीरावर आणि कपड्यांवर जातात. तुरेवाल्या बंधूंना मी नम्रपणे विचारतो, की शक्ती श्रेष्ठ नाही हे सिद्ध करण्याचे काम आपल्याकडे असताना ते सोडून आपण बाईवर बोलू लागता, तेव्हा आपण आपल्या शिवाची वकिली तिथेच सोडून दिली असे होत नाही का? आणि शक्तीवाल्या ज्या पुरुष शाहिरांनी नुकतेच आदिमायेचे स्तवन गायले, त्यांनीच पुढच्या पदात समोरच्याच्या घरातल्या स्त्रीचा उल्लेख करावा, हे तर त्यांच्या स्वतःच्या बाजूचे खंडन आहे. हे बोट त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने तिथल्या तिथे दाखवले, तर तो त्या रात्रीचा सर्वांत जोरकस टोमणा ठरेल.

सिनेगीतांच्या चालींबद्दल माझी तक्रार नाही. लोकांच्या ओठांवरची चाल उचलणे ही शाहिराची जुनी सवय आहे. पण चाल उचलली तर तिचे सोने करा. १९२५ साली केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, ‘झेंडूची फुले’ या संग्रहात आपल्या काळातल्या कवींची टर उडवली, तेव्हा त्या कवींची वृत्ते, त्यांच्या लकबी, त्यांचे आवडते शब्द त्यांनी इतके हुबेहूब उचलले होते, की थट्टा करणारा त्या कवितेचा पक्का अभ्यासक आहे हे प्रत्येक ओळीत दिसते. आपल्या सामन्यात हे किती सुंदर करता येईल! समोरच्या शाहिराची ठेवणीतली चाल, त्याचा आवडता आलाप, पदाच्या शेवटी गुरूचे नाव गुंफण्याची त्याची विशिष्ट पद्धत हे सगळे उचलून त्याच्याच आवाजात त्याचा मुद्दा खोडून काढला, तर अख्खे नाट्यगृह डोक्यावर घेतील, आणि ज्याची टर उडाली तोही मनातून सुखावेल, कारण आपल्याला कोणीतरी इतके कान देऊन ऐकले हे त्याला कळेल. ज्याचे गाणे आपण ऐकलेलेच नाही, त्याचा चांगला अपमान करता येत नाही. आज अनेक सामन्यांत एका मंडळाची बारी चालू असताना दुसरे मंडळ बाहेर चहा पीत असते, आणि मला वाटते की टोमणा बिघडायला तिथूनच सुरुवात झाली.

पेशवाईच्या अखेरीस होनाजी आणि सगनभाऊ हे शाहीर प्रतिस्पर्धी म्हणून गाजले. एक गवळी, दुसरा मुसलमान शिकलगार. दोघेही कोणत्या घरात जन्मले हे आज अभ्यासकांपुरते उरले आहे आणि लावण्या मात्र राहिल्या आहेत. सोलापूरच्या राम जोशींसारखा (१७६२–१८१२) पुराणिकाच्या घरातला विद्वान तमाशाच्या फडावर आला, तोही तिथे शब्दाला किंमत आहे म्हणून आला. आपणही त्याच रांगेतले आहात, आणि आपल्या मंचाला तितकेच मोठे समजावे ही माझी कळकळीची विनंती आहे.

आयोजकांशीही मला स्पष्ट बोलायचे आहे, कारण दोष शाहिरांच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ‘आर या पार’, ‘जंगी टक्कर’, ‘कोण कोणाची जिरवणार’ असे फलक आपण लावता, मग येणारा श्रोता तेच पाहायला येतो आणि शाहिरावर तेच देण्याचे दडपण येते. सामन्याचे चित्रीकरण करून नंतर त्यातला सर्वांत झोंबणारा तुकडा तेवढा कापून मोबाईलवर फिरवला जातो आणि त्याला मिळालेले उत्तर त्यात नसते. उत्तराविना फिरणारा टोमणा हा टोमणा राहत नाही, ती बदनामी होते. तो तुकडा शाळेत जाणारी त्या शाहिराची मुलेही पाहतात. चित्रीकरण करणाऱ्यांशी आयोजकांनी आधीच ठरवावे, की तुकडा टाकायचा असेल तर सवाल आणि जवाब दोन्ही मिळून टाकायचा. हे अवघड नाही आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

वेळेचेही तेच. शेवटची बारी घाईत उरकली जाते, आणि ज्याच्यावर सर्वांत मोठा वार झाला त्यालाच पहाटे ‘आता आवरा’ असे सांगितले जाते. ज्याच्यावर शेवटचा टोमणा आला, त्याला उत्तराची पुरती संधी मिळेपर्यंत सामना संपला असे जाहीर करू नये. सूत्रसंचालकाशेजारी दोन्ही बाजूंना मान्य असलेले एक वस्ताद बसवावेत, आणि जात, व्यंग, घरातल्या स्त्रिया व घरातली दुःखे यांवर पद गेले, तर त्यांनी हात वर करून ते तिथेच थांबवावे. बक्षीस पुकारताना ते कोणत्या ओळीसाठी आहे हेही सांगावे. एखादी ओळ लोकांसमोर पुन्हा उच्चारावी लागली, की ती बक्षिसाच्या लायकीची आहे की नाही, हे देणाऱ्याला आपोआप कळते.

वस्ताद मंडळींकडे माझे शेवटचे मागणे आहे. आपल्या पेट्यांमध्ये जुन्या वह्या आहेत, त्यांत सवाल आहेत आणि त्यांची उत्तरेही आहेत. तरुण शाहिराला वहीतला सवाल मिळतो, पण समोरून अनपेक्षित उत्तर आल्यावर पुढे काय करायचे हे वहीत लिहिलेले नसते. ते आपल्या अंगात आहे. येत्या गणपतीच्या आधी, पावसाळ्यात तालमी सुरू होतात तेव्हा, प्रत्येक तालुक्यात एकदा तरी शक्ती आणि तुरा दोन्ही बाजूंच्या नव्या शाहिरांना एकत्र बसवावे. प्रेक्षक नकोत, माईक नको आणि चित्रीकरणही नको. एकाने ओळ टाकावी, दुसऱ्याने तिथेच तिला उत्तर द्यावे, आणि उत्तर जमले नाही तर ते कसे जमले असते हे आपण सांगावे. चिपळूण, संगमेश्वर, गुहागर, लांजा, राजापूर यांपैकी कोणत्याही तालुक्यात अशी बैठक ठरली, तर जागेची आणि जेवणाची व्यवस्था करायला आम्ही मुंबईकर श्रोते वर्गणी काढून पुढे येऊ. तारीख आपण सर्वांनी मिळून ठरवावी.

आपला नम्र,
शक्ती-तुऱ्याचा एक श्रोता